सिनेसृष्टीतल्या जोडप्याच्या घरातलं शाईचित्र : छी बाइशींचे झिंगे, शिन फंगश्यांचा कुंचला

चिनी शाईचित्रांच्या लिलावात चित्राइतकंच महत्त्व 'हे कुणाच्या घरातून आलं?' या प्रश्नाला असतं. चित्र एखाद्या नामवंत जोडप्याच्या खासगी संग्रहातलं असेल, तर किंमत आणखी वाढते. असं का होतं, हे वू त्सूग्वांग आणि शिन फंगश्या या जोडप्याच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

हे जोडपं कोण?

वू त्सूग्वांग (१९१७-२००३) हे नाटककार, पटकथाकार आणि दिग्दर्शक. महान ऑपेरा कलाकार मेई लानफांग यांच्या रंगमंचीय कलेवरचा १९५५ चा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. शिन फंगश्या (१९२७-१९९८) या उत्तर चीनमधल्या 'पिंगजू' या लोकप्रिय संगीत नाट्यप्रकाराच्या तारका. 'ल्यू छ्याओअर' (१९५६) या चित्रपटामुळे त्या घराघरांत पोहोचल्या. दोघांची ओळख लेखक लाओ शे यांनी करून दिली आणि १९५१ मध्ये त्यांचं लग्न झालं.

वू यांच्या घरी कलासंग्रहाची परंपरा होती. वडिलांनी जमवलेल्या दोनशेहून अधिक वस्तू त्यांनी बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाला दान केल्या.

छी बाइशींशी नातं कसं जुळलं?

छी बाइशी (१८६४-१९५७) हे हुनान प्रांतातल्या गरीब शेतकरी घरातले. तरुणपणी सुतारकाम करायचे, पुढे चीनचे सर्वांत लाडके चित्रकार झाले. वू दांपत्याशी त्यांचा घरोबा होता. या वयोवृद्ध चित्रकाराने शिन यांना मानसकन्या मानलं आणि चित्रकलाही शिकवली.

शाईचित्र म्हणजे नेमकं काय?

काजळी आणि सरस यांची कांडी दगडी पाट्यावर पाण्यात उगाळून शाई बनते. पाणी कमी-जास्त केलं की एकाच काळ्या रंगाच्या अनेक छटा मिळतात. कागद असतो आन्हुई प्रांतातला 'श्वान'. तो बनवण्याच्या पारंपरिक कलेला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. हा कागद शाई पटकन शोषतो, त्यामुळे एकदा ओढलेली रेष खोडता येत नाही.

छी बाइशींचे झिंगे पाहा. अंगासाठी फिकट शाई, डोक्यात एक गडद फटकारा आणि लांब मिशांच्या बारीक रेषा. पाणी कुठेच काढलेलं नाही, तरी झिंगे पोहताना दिसतात.

अस्सल चित्र कसं ओळखतात?

कोपऱ्यातला मजकूर आणि लाल शिक्के आधी पाहतात. चित्र भेट दिलेलं असेल तर घेणाऱ्याचं नावही लिहिलेलं असतं. छी बाइशी अनेकदा सहीसोबत वयही लिहीत. पण इथे एक गंमत आहे. ज्योतिषाच्या सल्ल्यावरून त्यांनी १९३७ मध्ये आपलं वय ७५ ऐवजी ७७ सांगायला सुरुवात केली. म्हणून नंतरच्या चित्रांवरचं वय जसंच्या तसं धरलं, तर साल चुकतं.

छी बाइशींच्या नावावर बनावट चित्रं खूप आहेत. २०११ मध्ये पाइनच्या झाडावर बसलेल्या गरुडाच्या चित्रावर ४२ कोटी ५५ लाख युआनची बोली लागली, पण अस्सलपणाबद्दल शंका निघाल्या आणि पैसे अडकले. २०१७ मध्ये मात्र त्यांच्या १२ निसर्गचित्रांचा संच ९३ कोटी १५ लाख युआनला विकला गेला. म्हणूनच चित्रकाराशी थेट ओळख असलेल्या घरातून चित्र आलं, तर खरेदीदाराचा विश्वास वाढतो.

या जोडप्याची गोष्ट इथेच संपते का?

नाही. १९५७ च्या मोहिमेत वू यांच्यावर 'उजवे' असा शिक्का बसला आणि त्यांना ईशान्येच्या ओसाड भागात मजुरीला पाठवलं गेलं. शिन यांच्यावर घटस्फोटासाठी दबाव आला. ऑपेरातली वांग बाओछ्वान नवऱ्यासाठी १८ वर्षं थांबली, मी २८ वर्षं थांबेन, असं त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्यांनी मारहाण सोसली. १९७५ मध्ये पक्षाघात होऊन शरीराची डावी बाजू लुळी पडली आणि रंगमंच कायमचा सुटला.

पण उजवा हात शाबूत होता. छी बाइशींनी शिकवलेलं तेव्हा कामी आलं. त्या फुलं, फळं, वेली रंगवू लागल्या आणि आठवणीही लिहू लागल्या. त्यांच्या अनेक चित्रांवरचा मजकूर वू यांच्या हातचा आहे.

त्यामुळे या घरातलं एखादं शाईचित्र पाहाल तेव्हा त्यावरची अक्षरंही पाहा. भेट म्हणून आलेल्या चित्रावर ती गुरूची असतील. शिन यांनी स्वतः काढलेल्या चित्रावर ती बहुधा नवऱ्याची असतील.