पेंढारी : दरोडेखोर की फौजेचे सोबती?

आज ‘पेंढारी’ म्हणताच गावे लुटणारा, जाळणारा घोडेस्वार डोळ्यांपुढे येतो. मराठेशाहीतला पेंढारी मात्र आधी फौजेच्या मागे चालणारा माणूस होता. त्याला सहसा पगार नसे. शत्रूच्या मुलखातील लूट हीच त्याची कमाई, आणि तिच्यापायी तो ‘पालपट्टी’ नावाचा कर भरी. म्हणजे ती लूट परवान्याची होती. ज्या रयतेचे घर जळे, तिला त्या परवान्याचे काय, हा भाग वेगळा!

शिंदेशाही आणि होळकरशाही ही त्यांच्या टोळ्यांची नावेही धन्यांवरूनच पडली. पुढे धन्यांचा धाक सरला, लुटीला आपपर राहिला नाही, आणि शब्दाला आजचा अर्थ चिकटला.

१८१७ साली लॉर्ड हेस्टिंग्जने त्यांच्यावर मोठी मोहीम काढली. करीमखान १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू असीरगडच्या रानात वाघाच्या तोंडी पडला. होळकरांचा पठाण सरदार अमीरखान यालाही इंग्रज कित्येकदा पेंढाऱ्यांतच मोजत. त्याने मात्र वेळीच तह केला, टोंकचा नवाब झाला, आणि त्याच्या वंशाने तेथे स्वातंत्र्यापर्यंत राज्य केले.