एकाच विहिरीचे पाणी

दिवाळीच्या नव्या कापडाचा वास घराघरांत दरवळत असताना कापसाची जुनी गोष्ट सांगायला घेतली, तर ती अस्थानी ठरू नये. इतिहासाच्या तासाला आम्ही मास्तर मंडळी अमेरिकेतले यादवी युद्ध भराभर शिकवतो : लिंकन आला, युद्ध झाले, गुलामगिरी गेली, घंटा वाजली! पण त्या युद्धाचे एक पान आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या रानात लिहिले गेले आहे, आणि ते आज पुन्हा उघडून पाहण्याजोगे आहे. 2020 च्या महामारीत परदेशचे कारखाने बंद पडले, सुटे भाग वेळेवर येईनात, तेव्हापासून जगभरचे कारखानदार एकच धडा घोकत आहेत : माल एकाच देशातून आणू नका. हा धडा मँचेस्टरने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी छडी खाऊन गिरवला होता.

1860 साली इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात लाखो माणसांची चूल सुतागिरण्यांवर पेटत असे. त्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे 80 टक्के कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई. लांब धाग्याचा, स्वच्छ, आणि गुलामांच्या घामावर पिकलेला म्हणून स्वस्त. धोका कोणालाच दिसत नव्हता असे नाही. इतर देशांतून कापूस मिळवण्यासाठी मँचेस्टरात 1857 सालीच एक संस्था निघाली होती. तिने देशोदेशी बियाणे धाडले, सरकी काढायची यंत्रे धाडली. पण गिरणीवाले थैलीची गाठ सैल करीनात. दारची विहीर तुडुंब भरलेली असताना दुसरी खणायला पैसा कोण घालतो?

एप्रिल 1861 मध्ये युद्ध पेटले. इंग्लंडने आपली बाजू घ्यावी म्हणून दक्षिणेच्या मळेवाल्यांनी स्वतःच कापूस अडवून धरला. लिंकनच्या आरमाराने त्यांची बंदरे कोंडली ती निराळीच. वखारींत शिल्लक होती तोवर निभावले. 1862 सरता सरता मात्र जवळजवळ 5 लाख माणसे मदतीच्या तुकड्यावर आली. विणकरांनी अंथरुणे-पांघरुणे गहाण टाकली, कसबी कारागीर खडी फोडू लागले, गिरणीतल्या पोरींसाठी शिवणाचे वर्ग काढून त्यांच्या हाती चार पैसे पडतील असे करावे लागले.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थान, मिसर आणि ब्राझील यांच्याकडे वळल्या. पण नवी विहीर एका रात्रीत लागत नाही. आगगाडी बोरघाट चढली 1863 साली, थळघाट 1865 साली, आणि नागपूरला पोचली 1867 साली, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी! तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून येई, वाटेतली धूळ खाई, पावसात भिजे. आमचा धागा आखूड. विलायती मागांवर तो सारखा तुटे. त्यात भाव चौपट झाल्यावर वजन वाढवण्यासाठी कापसात सरकी, माती, पाणी घालणारेही निघाले. ही लबाडी थांबवण्यासाठी मुंबई सरकारला 1863 साली खास कायदा करावा लागला. आमच्या कापसाला तिकडे 'सुरती' म्हणत, आणि तो शब्द निकृष्ट मालाला शिवीसारखा वापरू लागले. तरीही 1862 साली तिकडे पोचलेल्या कापसात सर्वांत मोठा वाटा या सुरतीचाच होता. अडल्या वेळी नावे ठेवूनही पाणी प्यावे लागते!

मुंबईवर मग सोन्याचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलू लागला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि बॅकबे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले गेले. 9 एप्रिल 1865 रोजी अमेरिकेत सेनापती ली शरण गेला, आणि हा पाऊस थांबला. वायदे पुरे करण्याचा दिवस होता 1 जुलै. घेणारे पुष्कळ आणि देणारा कोणीच नाही अशी गत झाली. प्रेमचंदांसकट मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. तेजीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून झालेला राजाबाई टॉवर तेवढा उभा आहे.

पेढीवाल्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. माझ्या मनाला अधिक लागते ती शेतकऱ्याची. तेजीत सावकाराने हात सैल सोडला, ज्वारी-बाजरीच्या रानातही कापूस आला. चार पैसे दिसतात न दिसतात तोच भाव घसरले. सावकाराने हात आखडता घेतला, आणि पुण्याकडे तर सरकारने त्याच सुमारास सारा वाढवला. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात रयत सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जखतांवर तुटून पडली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. एकट्या कापसाने हे घडवले असे नव्हे. पण त्या होळीतले एक लाकूड कापसाचे होते. मिसरची गत याहून वाईट झाली. तेजीच्या भरवशावर वाढवलेले कर्ज फिटेना, 1876 साली राज्याचे दिवाळे निघाले, आणि 1882 साली इंग्रज फौज आत शिरली.

आणि मँचेस्टर? अमेरिकेचा कापूस परत येऊ लागताच ते जुन्या विहिरीवर परतले. 1870 नंतरच्या दशकात विलायतेचा निम्म्याहून अधिक कापूस पुन्हा तिकडूनच येऊ लागला.

म्हणून मला वाटते, हा धडा अर्धाच शिकवला जातो. घेणाऱ्याने एकाच विहिरीवर विसंबू नये हे खरेच. पण विहीरवाल्यानेही एकाच घागरीवर विसंबू नये. आपल्याकडे हे ओळखणारी माणसे निघाली. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात, कापसाच्या रानाशेजारीच, एम्प्रेस मिल सुरू केली. 1893 साली टाटा आणि एक जपानी बोटकंपनी यांच्या मेळाने मुंबई-जपान जलमार्ग सुरू झाला, आणि आपल्या कापसाला पूर्वेकडची वाट मोकळी झाली. घरी एक गिऱ्हाईक, पूर्वेला दुसरे. मग पश्चिमेची मनधरणी थोडी कमी करावी लागते.

आज नवे पुरवठादार शोधणारे देश पुन्हा आपल्या दारी येत आहेत. त्यांना पाटावर बसवावे, फराळाचे ताट पुढे ठेवावे. मात्र सौदा करताना एक प्रश्न विचारायला विसरू नये : पाहुणे, तुमच्या दारची विहीर पुन्हा भरली, म्हणजे मग आमच्या पाण्याचे काय?