वैरागडचा आकर व फाशांची निधिसूची

गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातील वैरागड येथील किल्ला भुईकोट आहे. तेव्हा नावातील ‘गड’ हे पद मूळचे नसावे अशी शंका प्रथमदर्शनीच येते. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या 1114 सालच्या शिलालेखात या प्रदेशाचा उल्लेख ‘वैरागर’ असा येतो. वज्राचे प्राकृतात ‘वइर’ होते, आकराचे ‘आगर’ होते. वज्राकर म्हणजे हिऱ्यांची खाण. आणि येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद आइन-इ-अकबरीनेही घेतलेली आहे. पुढे खाण विस्मृतीत गेली, किल्ला तेवढा डोळ्यांसमोर राहिला, आणि ‘आगर’चा ‘गड’ झाला.

आकर आणि निधी यांत मराठीने व तिच्या पूर्वभाषांनी काळजीपूर्वक भेद केला आहे. आकरातील धन कोणी ठेवलेले नसते. निधी, निक्षेप, ठेवा हे तिन्ही शब्द मात्र ‘ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदांवरून आलेले असून त्यांत कर्ता गृहीत आहे. हा कर्ताच वगळला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण एका अमेरिकन खेळात सापडते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या दुसऱ्या पुस्तिकेत भीषण प्राण्यांबरोबरच त्यांच्या संपत्तीचेही कोष्टक आहे. प्रत्येक प्राण्याला एक अक्षर नेमून दिलेले असते. ड्रॅगनचे अक्षर ‘एच’. त्या अक्षरापुढे तांबे, रुपे, सोने, रत्ने, जादूच्या वस्तू असे रकाने. फासे टाकून प्रथम तो प्रकार गुहेत आहे की नाही हे ठरवावयाचे, आणि असल्यास किती, हे पुन्हा फाशांनीच. ती नाणी कोणी पाडली, तेथे कोणी आणली, हे कोष्टक विचारीत नाही.

दैवाने धन नेमून देण्याची कल्पना आपल्याकडे नव्हती असे नव्हे. ‘घबाड’ हा शब्द आज अकल्पित लाभ या अर्थी रूढ असला तरी पंचांगात तो एक मुहूर्त आहे; नक्षत्रे व तिथी यांच्या बेरीज-गुणाकाराला भागून उरलेल्या बाकीवरून तो काढतात. वैदिक द्यूतातही बाकीलाच महत्त्व होते. तेथील फासे म्हणजे विभीतकाची फळे. तोच बेहडा या दोन्ही जिल्ह्यांच्या अरण्यांत आजही उभा आहे. परंतु दैव येथे लाभाची वेळ ठरविते, ठेव्याचा धनी कोण हे ठरवीत नाही.

तो प्रश्न राजशासनाचा. नागभीड तालुक्यातील देवटेक येथे ज्यांचा शिलालेख आहे त्या वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव ‘सनिधी, सोपनिधी’ दिल्याचे म्हटलेले असते. म्हणजे अद्याप कोणालाही न सापडलेल्या ठेव्यावरचा हक्कही राजा दान करतो. निधी सामान्य माणसास सापडल्यास राजाने षष्ठांश घ्यावा, असा याज्ञवल्क्याच्या वचनाचा सरळ अन्वय होतो. विज्ञानेश्वर मात्र षष्ठांश सापडविणाऱ्यास देऊन उरलेले राजाने घ्यावे असे सांगतो. व्याकरणदृष्ट्या हा अन्वय ओढूनताणून केलेला आहे. पण कौटिल्यही सापडविणाऱ्यास सहावाच हिस्सा देतो, म्हणून परंपरा टीकाकाराच्या बाजूची मानावी लागते. 1878 च्या निखात निधी अधिनियमाने हे प्रमाण पार उलटविले: दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावयाचे, आणि ठेवणारा पुढे न आल्यास तीन चतुर्थांश सापडविणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हिश्शांपेक्षा महत्त्वाचे असे काही त्या मडक्यात असते. खेळातील कोष्टकात प्रत्येक रकान्याचा फासा निराळा. सोन्याचा रुप्याशी संबंध नाही. खऱ्या साठ्यात सर्व संबंध एकमेकांशी असतो. 1939 साली तऱ्हाळा (आज वाशीम जिल्हा) येथे सातवाहनांची दीड हजारांहून अधिक पोटीनची नाणी सापडली. सुटे पाहिल्यास त्यांतील एकेक नाणे क्षुल्लक. पण सर्व एकत्र हाती आल्यामुळे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना पुराणांच्या वंशावळीत न आढळणारे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे राजे उत्तरकालीन सातवाहनांत बसविता आले. साठा पुरला केव्हा, याचा अंदाजही त्यांतील सर्वांत अलीकडच्या राजावरूनच बांधावा लागतो. चांदा जिल्ह्यातील सातवाहन नाण्यांचाही रॅप्सनने 1908 च्या ब्रिटिश म्यूझियमच्या सूचीत असाच उपयोग केला आहे.

म्हणूनच गुप्तधनाच्या आशेने जुन्या देवळांचे चौथरे उकरणाऱ्यांनी केलेली हानी सोन्यात मोजता येत नाही. त्यांच्या लेखी देऊळ ही गुहाच होय आणि राखणदार नाग हा तिच्यातील प्राणी. धन कोणी, कधी, कोणत्या भयाने ठेवले याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. याच शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत स्वतंत्र स्थान द्यावे लागले. उकरलेल्या खड्ड्यात बहुधा काहीच निघत नाही. पण चौथऱ्याखालचे थर एकदा कालवले गेले की त्यांचा मूळचा क्रम पुन्हा लावता येत नाही.