कागदावर बाहेर, पावतीवर आत

आगाशी, वटार, राजोडी, नाळे, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली ही गावं आणि त्यांच्यासोबत पूर्वेकडची कामण, शिरसाड, मांडवी अशी आणखी काही. शहर की गाव, या प्रश्नावर राज्य सरकारने पंधरा वर्षांच्या आत तीन वेळा निकाल दिला. ३ जुलै २००९ रोजी ती वसई-विरार महानगरपालिकेत आली, ३१ मे २०११ च्या अधिसूचनेने बाहेर पडली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा आत घेण्यासाठी नवी अधिसूचना निघाली. या काळात गावं जागची हललेली नाहीत. कागद मात्र हलत राहिले, आणि या गोष्टीचा माग घ्यायचा तो कागदांवरूनच.

बाहेर पडलेल्या गावांची संख्या २९. यादी वाचताना जाणकाराला एक नाव सापडत नाही, ते म्हणजे नंदाखाल. आगाशी आहे, वटार आहे, राजोडी आहे. आणि या साऱ्यांच्या शेजारचं, वसईबाहेरही नाव असलेलं नंदाखाल यादीत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं हे जन्मगाव. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची ओळख छापताना वर्तमानपत्रांनी हेच नाव दिलं. मग यादीत ते का नाही? कारण यादी करणाऱ्याच्या आणि गावात राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं गाव एक नसतं. ही अडचण आजची नाही. ती पावणेपाचशे वर्षं जुनी आहे, म्हणून थोडं मागे जाऊ.

वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर वीस वर्षांनी, १५५४ साली, सिमाव बोतेल्यू या अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची मोठी नोंदवही तयार केली. ती ‘तोंबू’ या नावाने ओळखली जाते आणि १८६८ मध्ये लिस्बनमध्ये छापलीही गेली. वसईच्या आर्थिक इतिहासाला तिच्याशिवाय सुरुवात करता येत नाही. पण तिचा हेतू एकच होता, कोणत्या गावातून किती येणं आहे हे पाहणं. गावकरी आपसातला तंटा कुठे बसून मिटवत, बावखलाचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी कोणाच्या बागेला आधी जाई, हे तिच्यात शोधू नये. कर घेणाऱ्याच्या वहीत गाव म्हणजे एक रक्कम असते.

दुसरी वही चर्चची. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ ची. आगाशीचा किनारा पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ असा लागोपाठ दोन वर्षं जाळला होता, आणि पुढच्या चार दशकांत त्याच पट्ट्यात त्यांची देवळं उभी राहिली. हे दोन्ही प्रसंग एकाच इतिहासाचे आहेत. एक सांगायचा आणि दुसरा गाळायचा, हे बरं नव्हे. चर्चमुळे मात्र गावाला वेगळीच हद्द मिळाली. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदींत माणूस नावानिशी येतो, आईबापांसह येतो. धर्मग्राम ही चर्चची सीमा आणि मौजा ही सरकारची. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसतील अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. नंदाखाल हे नाव ठसलं ते मुख्यतः या दुसऱ्या वहीमुळे, असं माझं मत आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्मस्वातंत्र्याचं कलम होतं. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांच्या सोळाव्या खंडात आणि य. न. केळकरांच्या ‘वसईची मोहीम’ (१९३७) या पुस्तकात या काळाचा तपशील भरपूर मिळतो, परंतु तो मोर्चे, सुरुंग, रसद आणि सरदारांचा. रयत दिसते ती ओझरती. पुढे चर्चचा कारभारही सरकला. १८८६ साली दमण धर्मप्रांताची नवी रचना झाली, १९२८ मध्ये ती मोडून हा भाग मुंबईकडे आला, आणि वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला तो थेट १९९८ मध्ये. एकट्या चर्चच्या कागदांतही नंदाखालचं मुख्यालय असं तीनदा बदललेलं दिसतं. वरचे साहेब बदलणं या भागाला काही नवं नव्हतं.

इंग्रजांचं दफ्तर सर्वांत बोलकं. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरचे खंड १८८२ साली आले. स्थळवर्णनाच्या खंडात आगाशी सुरुवातीलाच येते. जहाजबांधणी, पोर्तुगीजांचे हल्ले आणि वाळवलेली केळी, म्हणजे आपली सुकेळी. राजेळी केळ्याचं हे सुकवणं आगाशीची ओळख होती आणि आजही आहे. गॅझेटिअरला गावाचं पीक दिसलं, जाती दिसल्या, बंदर दिसलं. वसई गावाला १८६४ पासून नगरपालिका होती, तिचीही नोंद आहे. भोवतालच्या बागायती गावांना मात्र स्वराज्याचा कोणताही दर्जा त्या पानांत नाही.

तो आला हळूहळू. मुंबई इलाख्यातले ग्रामपंचायतींचे कायदे १९२० आणि १९३३ चे. आजही ज्याच्या आधारे कारभार चालतो तो १९५८ चा. पंचायतीत किमान सात आणि कमाल सतरा सदस्य, हे त्याच कायद्याचं माप. पण पंचायतीआधी आणि पंचायतीबाहेरही या पट्ट्याने आपला कारभार स्वतः करायची सवय लावून घेतली होती, आणि इथे थोडं रेंगाळावंसं वाटतं. मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सुरू केलेली पतसंस्था आजची बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला बाहेर काढणं हा तिचा मूळ हेतू. सहकारी संस्थेत हिशेब सभेपुढे मांडावा लागतो, कर्ज कोणाला दिलं ते विचारता येतं. ‘सुवार्ता’ मासिकाने हीच सवय छापील पानावर आणली. १९८३ ते २००७ या काळात दिब्रिटो त्याचे संपादक होते, आणि त्या मासिकात धर्माइतकीच पाण्याची, जमिनीची, बिल्डरांची चर्चा झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली तेव्हा पत्रक काढणं, सभा घेणं, हरकत नोंदवणं हे लोकांना नव्याने शिकवावं लागलं नाही.

समिती उभी राहिली तिचं कारण सरकारी नकाशात होतं. हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली होणार होती. १९९० मध्ये सिडको या भागाची विशेष नियोजन प्राधिकारी झाली आणि विकास आराखड्याचं काम तिच्याकडे गेलं. घरपट्टी पंचायतीकडे, बांधकामाची परवानगी सिडकोकडे, सातबारा तलाठ्याकडे. नागरिक एकच, खिडक्या तीन. पंचायतीच्या दप्तरात नमुना ८ वर घराची नोंद व्हायची, पण ते घर बांधू द्यायचं की नाही हे ठरवणारं टेबल दुसरीकडे असायचं. पुढच्या भांडणाची मुळं या फाटलेल्या अधिकारात आहेत.

आता २००९ कडे येऊ. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि त्यांच्या भोवतालची ५३ गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख २० हजार भरली. विरोध लगेच उभा राहिला. घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणं पडतील, आणि आमच्याकडे शहर कुठे आहे, असे तीन आक्षेप होते. यांपैकी पहिल्या दोनांवर बरंच लिहिलं गेलं. तिसऱ्याची तपासणी व्हायला हवी, कारण त्याचं माप संविधानातच दिलेलं आहे.

अनुच्छेद २४३-थ सांगतो की, एखादं क्षेत्र नागरी ठरवताना राज्यपालांनी लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, कृषीतर कामांतल्या रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हे घटक पाहायचे. आणि शेवटी योग्य वाटतील असे ‘अन्य घटक’. मापं पाच मोजता येण्याजोगी, सहावं सरकारच्या मर्जीचं. २००९ ते २०११ या दोन वर्षांत निर्मळच्या किंवा वाघोलीच्या लोकसंख्येत, घनतेत, केळीच्या बागांत असा कोणता फरक पडला की आधी शहर ठरलेलं गाव नंतर गाव ठरावं? काही पडला नाही. बदल झाला तो सहाव्या घटकात.

त्याचा एक पुरावा निवडणुकीच्या निकालात आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये जनआंदोलनाच्या बळावर विवेक पंडित वसईतून अपक्ष निवडून आले. श्रमजीवी संघटनेचं त्यांचं काम १९८० च्या दशकात याच तालुक्यातल्या दहिसर गावच्या वेठबिगारांपासून सुरू झालं होतं. हा निकाल म्हणजे गावांचा कौल, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि अजूनही सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. वसई मतदारसंघात शहरही होतं, आणि मतपेटीत कोणाचं मत कोणत्या कारणाने पडलं हे लिहिलेलं नसतं. शिवाय २०१० मध्ये महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली तेव्हा बहुमत मिळालं ते हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीला, म्हणजे महापालिकेच्या बाजूने उभ्या असलेल्या पक्षाला. वर्षभरात दोन मतदानं आणि दोन उत्तरं. प्रत्येक बाजूने आपल्या सोयीचं मतदान पुरावा म्हणून वापरलं. इतिहास लिहिताना दोन्ही एकाच पानावर ठेवावी लागतात.

पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना ३१ मे २०११ ची अधिसूचना निघाली आणि २९ गावं वगळली गेली. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली. यानंतरचा काळ कायद्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. शासनाच्या निर्णयाप्रमाणे ही गावं महापालिकेत नव्हती. घरपट्टीच्या पावतीप्रमाणे होती. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत तिथल्या लोकांनी मतदानही केलं. एक पूर्ण दशक असं गेलं की ग्रामपंचायत परत आली नाही आणि महापालिकेला ही गावं आपली आहेत असं निःशंक म्हणता आलं नाही. शेजारची अर्नाळा आणि अर्नाळा किल्ला ही गावं मात्र ग्रामपंचायतीच राहिली. एका रस्त्यावर सरपंच, दुसऱ्या रस्त्यावर नगरसेवक.

या अदलाबदलीत नेमकं काय गेलं, ते आकड्यांत मांडता येतं. १९५८ च्या कायद्याप्रमाणे लहानात लहान पंचायतीतही सात सदस्य. २०१५ मध्ये महापालिकेत ११५ जागा होत्या. २०११ ची लोकसंख्या धरली तर एका नगरसेवकामागे साधारण १० हजार ६०० माणसं. पण मला यापेक्षा मोठी वाटते ती ग्रामसभा. वर्षातून किमान चार वेळा मतदार यादीतला कोणीही उठून विचारू शकतो की गटाराचा ठराव झाला होता, पैसे कुठे गेले. उत्तर देणारा समोर बसलेला असतो आणि बहुतेक वेळा नात्यातला असतो. ग्रामसभा आदर्श चालतात असं कोणी म्हणणार नाही. कित्येक तहकूब होतात, कित्येक फक्त सह्यांपुरत्या होतात. तरी त्यांचं इतिवृत्त लिहावं लागतं. महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्यांत सामान्य माणसाला अशी हक्काची जागा नाही. तो अर्ज देतो आणि पोच घेऊन येतो.

दुसरीकडे हा पेच कसा सोडवला गेला याचं एक उदाहरण स्कॉटलंडचं आहे. १९७३ च्या कायद्याने तिथल्या जुन्या नगरसभा आणि कौंटी सभा मे १९७५ मध्ये बरखास्त झाल्या, मोठी प्रशासनं आली. त्याच कायद्यात गावपातळीवरच्या कम्युनिटी कौन्सिलची तरतूद केली गेली. तिला कर लावता येत नाही, बजेट नाममात्र, निवडणुकीला उमेदवार मिळायची मारामार. पण आपल्या हद्दीतल्या बांधकामाच्या अर्जावर तिचं मत विचारात घ्यावं लागतं. दात नसलेली संस्था म्हणून तिची चेष्टाही होते. आपल्याकडे मात्र आत की बाहेर, एवढेच दोन पर्याय ठेवले गेले. तिसरा कोणी गंभीरपणे मांडल्याचं या प्रकरणात दिसत नाही, आणि हा दोष आंदोलकांचाही आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने २०११ चा निर्णय फिरवला आणि हरकती-सूचना मागवल्या. त्या वेळी ज्या महापालिकेत गावं येणार होती तिथे निवडून आलेलं कोणीच नव्हतं. सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली होती आणि पुढची निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. ग्रामसभा गेली म्हणून रडणाऱ्या गावाला महासभाही नाही, अशी ती वर्षं.

तेव्हा या काळाचा इतिहास पुढे लिहायचा तर आधार कोणते? अधिसूचना राजपत्रात आहेत, त्या टिकतील. न्यायालयाचे आदेश टिकतील. नंदाखालच्या चर्चच्या नोंदी तर राजवटी बदलूनही पुढे चालत आल्या. प्रश्न आहे तो दोन ढिगांचा. एक, बरखास्त झालेल्या ग्रामपंचायतींची दप्तरं: ठरावाची पुस्तकं, नमुने, इतिवृत्तं, जी महापालिकेकडे वर्ग झाली. दुसरा, लोकांनी आपल्या हाताने लिहिलेल्या हरकतींचा. शासनाच्या अभिलेखांत अ वर्ग कायमचा आणि ड वर्ग वर्षभराचा. अधिसूचनेची नस्ती वरच्या वर्गात जाते. तिला जोडलेले सामान्यांचे अर्ज कोणत्या वर्गात टाकायचे हे कार्यालयात ठरतं. गावाने स्वतःबद्दल काय म्हटलं ते फक्त या दुसऱ्या ढिगात आहे. त्याच्या प्रती करून घ्यायच्या असतील तर माहितीचा अधिकार आहे, आणि ते काम वसईच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने अंगावर घ्यायला हरकत नसावी.