काचेखालचा डोंगर

ब्रिटनमध्ये अल्पाइन वनस्पतींची प्रदर्शने भरतात. त्यांच्याविषयी एक मत इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासून पाहावे असे आता कुणाला वाटतच नाही. हे मत फुलांविषयी आस्था असलेली, डोंगर हिंडलेली माणसे मांडतात, म्हणून ते गंभीरपणे घेतले पाहिजे. मला ते चुकीचे वाटते. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त आहे. म्हणून आधी तोच मांडतो.

आक्षेपक म्हणतो: वृक्षरेषेच्या वर, वाऱ्याने झोडपलेल्या कातळाच्या भेगेत तळहाताएवढी हिरवी उशी असते आणि तिच्यावर मोजकी फुले. हे त्या झाडाचे खरे रूप. तीच जात प्रदर्शनाच्या टेबलावर येते तेव्हा ती फूटभर व्यासाचा घुमट झालेली असते. कंपासने आखल्यासारखा गोल, आणि पान दिसू नये इतका फुलांनी झाकलेला. हा घुमट काचेच्या छपराखाली वाढला, मातीच्या कुंडीत वाढला, वाळलेली फुले कुणीतरी चिमट्याने एकेक करून वेचली. डोंगरावर चिमटे घेऊन कोण बसतो? मग हे झाड डोंगराचे राहिले कुठे? त्याला बक्षीस देणारे परीक्षकही कोणत्या मापाने मोजतात ते दिसत नाही. टेबलाशी वाकतात, आपसात बोलतात, चिठ्ठी ठेवून पुढे जातात. शिवाय या हौसेपायी मूळचे डोंगर ओरबाडले गेले. आणि सर्वांत लागणारी गोष्ट म्हणजे या प्रदर्शनांतल्या सर्वोत्तम कुंडीला मिळणारे पदक रेजिनाल्ड फॅरर यांच्या नावाचे आहे. झाडांना उघड्यावर, दगडांत, डोंगरावर राहतात तसे राहू द्या हे ज्याने आयुष्यभर सांगितले, त्याच्याच नावाने कुंडीचा गौरव!

आता उत्तर.

या साऱ्या युक्तिवादाचा कणा एकच अनुमान आहे: जिथे काच तिथे कृत्रिमता. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे लगेच ‘उपाधी’ आठवावी. जिथे अग्नी तिथे धूर, हे विधान खोटे ठरते, कारण धूर अग्नीमुळे नव्हे तर ओल्या लाकडाशी झालेल्या संयोगामुळे येतो. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. काच आणि कृत्रिमता यांच्यामध्येही अशी एक उपाधी दडलेली आहे. ती म्हणजे ऊब. ऑर्किडचे काचघर तापवलेले असते, कारण त्या झाडाला परक्या देशात त्याच्या देशाची हवा पुरवायची असते. अल्पाइनचे घर तापवत नाहीत. त्याच्या खिडक्या थंडीतही उघड्या असतात, वारा आरपार वाहावा अशीच त्याची बांधणी असते. मग काच कशाला? पावसासाठी.

सर्वसामान्य समज असा की डोंगरी झाड सपाटीवर मरते ते थंडी कमी पडते म्हणून. उन्हाळ्याच्या उकाड्याचाही त्यात वाटा आहे, पण इंग्लंडमध्ये त्याचा मोठा वैरी हिवाळ्यातली ओल. आल्प्समध्ये शरद सरला की जाड बर्फ पडतो. त्या बर्फाखाली तापमान महिनोन्‌महिने शून्याच्या आसपास स्थिर राहते, उजेड नसतो, आणि पाणी गोठलेले असल्यामुळे झाड एका अर्थी कोरड्यात झोपते. इंग्लंडच्या सखल भागात त्याच महिन्यांत चार-पाच अंशांवर रिमझिम चालू असते. झाड ना झोपते ना जागे राहते. मंद उजेडात लांबट, पिवळट कोंब काढते, आणि पानांच्या दाट गुच्छात पाणी साचले की करडी बुरशी धरते. उशीच्या आकाराच्या झाडात एकदा मधोमध कुजायला लागले की बहुतेक वेळा ते वाचत नाही. काचेचे छप्पर ही ओल अडवते. हे छप्पर बर्फाच्या जागी आहे.

काही जातींच्या बाबतीत तर ते कातळाच्या जागी आहे. प्रदर्शनांत सर्वांत जास्त टीका ज्यांच्यावर होते ती दोन नावे घेऊ. प्रिम्युला अॅलिओनी ही फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या सागरी आल्प्समधली, चुनखडीच्या कड्यांत राहणारी. डायोनिशिया या वंशात सुमारे ५० जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक इराण आणि अफगाणिस्तानच्या कड्यांवरच्या. या दोन्ही पुष्कळदा पुढे झुकलेल्या कातळाच्या आडोशाला उगवतात, जिथे पाऊस थेट पडत नाही आणि मुळे मात्र खडकाच्या पोटातली ओल शोधत खोल जातात. उघड्यावर, पावसात लावलेली डायोनिशिया ही तिच्या मूळ घराशी जास्त प्रामाणिक, असे म्हणणाऱ्याने तो कातळ लक्षातच घेतलेला नाही. जाणकार माणूस कुंडी वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरतो आणि पाणी त्या वाळूला देतो. ते भाजलेल्या मातीतून झिरपून मुळांशी जाते आणि उशीवर थेंब पडत नाही. कड्यावर नेमके हेच घडत असते.

मराठी वाचकाला हे आपल्या सड्यावरून चटकन समजेल. कासच्या पठारावरची झाडे पावसाचे चार महिने पातळ मातीत वाढतात, फुलतात, आणि मग महिनोन्‌महिने कोरड्या जमिनीत कंद किंवा बी होऊन पडून राहतात. त्यातला कंद उचलून कुणी बागेत लावला आणि वर्षभर रोज पाणी घातले, तर त्याने तो उघड्यावर लावला म्हणून त्याला आपण निसर्गस्नेही म्हणणार का? झाडाच्या विश्रांतीचा काळ जपणे हीच त्याच्या निसर्गाची राखण.

राहिला घुमटाचा आकार. डोंगरावर एवढ्या मोठ्या उशा नसतात हे म्हणणेच बरोबर नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची राऊलिया एक्झिमिया खडकाळ उतारांवर इतकी मोठी, करडी आणि लोकरीसारखी वाढते की लांबून तिथे मेंढ्या बसल्या आहेत असे वाटते. तिथले लोक तिला भाजीमेंढीच म्हणतात. सायलिनी अकॉलिस या गुलाबी फुलांच्या उशीच्या काही झाडांचे वय अलास्कात ३०० वर्षांच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. गोल, घट्ट आकार ही माळ्याची कलाकुसर नव्हे. वाऱ्याला कमीत कमी अंग द्यावे, उन्हाची ऊब आत कोंडून धरावी, यासाठी झाडानेच तो घडवला. उन्हात अशा उशीच्या आतले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही वर जाऊ शकते.

याच सायलिनीचे उदाहरण आक्षेपकाच्या दुसऱ्या गृहीतकालाही धक्का देते. प्रदर्शनातले झाड डोंगरावरच्यापेक्षा नेहमी फुगवलेले असते, हे ते गृहीतक. सायलिनी अकॉलिस डोंगरावर गुलाबी गालिचा होते. सखल भागातल्या बागेत वर्षानुवर्षे हिरवी राहून चार फुले कशीबशी देते. इथे कुंडी डोंगराला गाठू शकत नाही. एरिट्रिकियम नॅनमचे तेच. निळ्या रंगाचे असे झाड आल्प्समध्ये दुसरे नाही, पण कुंडीत ते फार थोड्यांना साधते, आणि साधले तरी टिकत नाही. अशा झाडाची रुपयाएवढी उशी टेबलावर आली, तिच्यावर सहा फुले असली, तर शेजारच्या टोपलीएवढ्या सॅक्सिफ्राजला मागे सारून ती पहिली येऊ शकते. केवळ थाट पाहून बक्षीस देणाऱ्या परीक्षणात हे घडले नसते.

परीक्षकांकडे माप नाही, या आक्षेपाचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण तो पाहणाऱ्याच्या अज्ञानाचे ओझे परीक्षकाच्या डोक्यावर ठेवतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात आपण फुलदाणीतला गुलाब पाहतो. तो कापलेला असतो, त्याच्यामागचे झाड आपल्यासमोर नसते. अल्पाइनच्या टेबलावर अख्खे झाड मुळासकट आलेले असते, आणि त्याच्या अंगावर त्याची गेली काही वर्षे लिहिलेली असतात. ती वाचणे हेच परीक्षण. अँड्रोसेस व्हँडेलीचे गुच्छ चंदेरी आणि एकमेकांना चिकटलेले असायला हवेत. ते हिरवट आणि सुटे झाले असतील तर खत जास्त झाले किंवा उजेड कमी पडला. उशीची एक बाजू चपटी असेल तर कुंडी वेळच्या वेळी फिरवली नाही. फुलांचे देठ नको तितके लांबले असतील तर प्रदर्शनाच्या तारखेला गाठण्यासाठी झाड उबेत आणून घाईने फुलवले. मध्ये तपकिरी डाग असेल तर तिथे कधीतरी पाणी थांबले. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे हे चिन्हांवरून कारणांचे अनुमान आहे, आणि अनुमानाला फूटपट्टी लागत नाही, व्याप्तीचे ज्ञान लागते. इथे झाडाचा मूळ डौल हा एक प्रमुख निकष आहे. खताने फुगलेली, सैल झालेली उशी गुण गमावते. म्हणजे आक्षेपक ज्या निसर्गरूपाची मागणी करतो, तीच मागणी परीक्षकही करतो. फरक एवढाच की परीक्षकाला ते रूप नेमके कशाने बिघडते हे ठाऊक असते.

या क्षेत्रातल्या लोकांनी वेगवेगळे प्रश्न वेगळे ठेवण्याची काळजीही घेतली आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९२२पासून बागेसाठी उत्तम अशा झाडांना एक पुरस्कार देते. तो जातीला मिळतो, बागेतल्या उपयोगासाठी. अल्पाइन झाडांसाठी या सोसायटीची आणि दोन अल्पाइन संस्थांची मिळून एक संयुक्त समिती आहे. टेबलावर आलेले झाड प्रदर्शनासाठी म्हणून किती मोलाचे याचा निवाडा ती करते, आणि ते झाड असे वाढवणाऱ्या हाताचा गौरव वेगळ्या प्रशस्तीने करते. हे झाड बागेत चालेल का, ते टेबलावर शोभते का, ते वाढवणाऱ्याला कळते का, असे हे तीन प्रश्न झाले. ‘प्रदर्शन म्हणजे सौंदर्यस्पर्धा’ हे वाक्य या तिघांची सरमिसळ करूनच उभे राहते.

एका बाबतीत मात्र मी आक्षेपकाच्या बाजूला आहे. मोठ्या कुंडीचा मोह खरा आहे. सभागृहात शिरताच डोळा सर्वांत मोठ्या घुमटाकडे जातो, आणि परीक्षकालाही डोळेच असतात. म्हणून तर कुंडीच्या मापांप्रमाणे वर्ग केलेले आहेत: एका गटात ३६ सेंटिमीटरपर्यंतच्या कुंड्या, दुसऱ्यात १९ सेंटिमीटरपर्यंतच्या. नवशिक्यांचा, मधल्यांचा आणि खुला असे तीन विभागही आहेत. पण सर्वोत्तम झाडाचे पदक ठरताना सगळे एका रांगेत येतात, आणि तिथे लहान कुंडीला आजच्यापेक्षा अधिक वेळा न्याय मिळावा असे मला मनापासून वाटते. हा दोष परीक्षणातून दूर करता येण्यासारखा आहे. त्यासाठी परीक्षणाची पद्धतच खोटी ठरवण्याचे कारण नाही.

आता फॅरर. १८८०मध्ये जन्मलेला हा यॉर्कशरचा माणूस १९२०मध्ये, ऐन चाळिशीत, उत्तर ब्रह्मदेशात वनस्पती गोळा करताना वारला. श्रीलंकेत जाऊन त्याने बौद्ध धर्म स्वीकारला होता. बंदुकीत बिया भरून त्याने त्या कड्यावर झाडल्या, अशीही गोष्ट सांगतात. त्याचा ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९१९मध्ये आला. त्यात तो जातीमागून जात घेतो आणि ती कुठल्या खडकावर, कुठल्या बाजूला तोंड करून, किती ओलीत राहते हे सांगतो. दगड रचून त्यात कुठलेही झाड खोचणाऱ्या बागांवर त्याचा राग होता, कारण त्या दगडांना झाडाच्या गरजेशी काही देणेघेणे नव्हते. झाड जसे राहते ते समजून त्याला तसे ठेवा, ही त्याची शिकवण. पावसात कुजणारी डायोनिशिया काचेखाली वाचवणारा माणूस त्या शिकवणीविरुद्ध वागत नाही. अल्पाइन गार्डन सोसायटी १९२९मध्ये स्थापन झाली तेव्हा फॅरर हयात नव्हता. पण पदकाला त्याचे नाव देणाऱ्यांनी त्याचा ग्रंथ नीट वाचला होता असे मला वाटते.

ओरबाडण्याच्या आरोपाला अर्धे उत्तर इतिहासात आहे आणि ते प्रदर्शनवाल्यांच्या बाजूचे नाही. एकेकाळी आल्प्समधून झाडे मुळासकट उपटून आणली गेली, त्यात हौशी लोकही होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आज सायक्लामेन आणि गॅलँथस या वंशांचा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या नियमांखाली आहे, आणि अल्पाइन संस्थांचा मोठा उद्योग बियांच्या देवाणघेवाणीचा आहे. सभासद दरवर्षी आपल्या झाडांचे बी पाठवतात, दुसऱ्यांचे मागवतात. प्रदर्शनातही स्वतः बियांपासून वाढवलेल्या झाडांसाठी वेगळे वर्ग असतात.

डायोनिशियाचे बी धरणे मात्र सोपे नाही. प्रिम्युलाप्रमाणे या वंशातही बहुतेक जातींत फुले दोन तऱ्हांची असतात: काही झाडांत परागवाहिनी लांब, फुलाच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी दिसणारी; काहींत ती आखूड आणि पुंकेसर वर. डार्विनने प्रिम्युलात हे पाहून १८६२मध्ये त्यावर निबंध लिहिला. एका तऱ्हेच्या फुलाला दुसऱ्या तऱ्हेचा पराग मिळाला तरच बी चांगले धरते. कलमांनी वाढवलेले एकाच तऱ्हेचे झाड देशभर पसरले असेल, तर ते कितीही फुलले तरी बी देणार नाही, आणि एखादी बुरशी किंवा एखादा ओला हिवाळा ती जात बागांमधून पुसून टाकील. दुसऱ्या तऱ्हेचे झाड कुणाकडे आहे, हे फुललेली झाडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळायचे कसे? एप्रिलच्या सकाळी सभागृहात एक माणूस भिंग घेऊन दुसऱ्याच्या कुंडीवर वाकलेला दिसतो, तो बक्षिसाची चिठ्ठी वाचत नसतो. तो फुलाच्या तोंडाशी टाचणीचे डोके दिसते का ते पाहत असतो.