तेंडुलकर, विजय : पटकथांतील राजकीय रूपक

विजय तेंडुलकर (६ जानेवारी १९२८ – १९ मे २००८) यांची मुख्य ओळख नाटककाराची. पण सत्तेविषयी त्यांना जे म्हणायचे होते, ते समजून घ्यायचे तर त्यांच्या पटकथाही तितक्याच गांभीर्याने पाहायला हव्यात. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात त्यांनी पेशवाईच्या आडून सत्तेचा व्यवहार दाखवला. पडद्यासाठी लिहिताना बहुतेकदा हा आडोसाही उरला नाही. एखादे गाव किंवा साखर कारखाना हेच राज्याचे रूपक झाले.

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’मधला सहकारसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील गावाचा पोशिंदाही आहे आणि धनीही. त्याच्याच वाड्यात आसरा मिळालेला मास्तर, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारू लागतो आणि साऱ्या वैभवाला तडा जातो. श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’मध्ये (१९७५) कथा १९४५ची, जमीनदारी अंमलातली, चित्रपट आला तो आणीबाणीच्या वर्षी. तिथेही मास्तरच आहे. त्याची बायको पळवली जाते आणि गाव पाहत राहते. शेवटी गाव उठते, पण त्या उद्रेकात तिचाही बळी जातो. जमावाच्या न्यायावर तेंडुलकरांचा भाबडा विश्वास कधीच नव्हता.

शिकलेला, सारे कळणारा, पण हात बांधलेला साक्षीदार त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरील ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तो पत्रकार दिगू टिपणीस असतो, तर गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) वकील भास्कर कुलकर्णी.

‘आक्रोश’ ही या सूत्राची सर्वांत धारदार मांडणी. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या आपल्याच वकिलापुढे तोंड उघडत नाही. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित आहेत, आणि बोलून काही होणार नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. वडिलांच्या अंत्यविधीसाठी पोलीस त्याला आणतात. तिथे तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीला मारतो. बायकोच्या वाट्याला आले ते हिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. मग तो किंचाळतो. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे, ही योजना खास तेंडुलकरांची: व्यवस्थेत शिरलेला माणूसही तिच्यापुढे सुटा राहत नाही.

श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरील ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) साक्षीदाराच्या हाती पोलिसाचा दंडा येतो, तरी फौजदार वेलणकरची कोंडी सुटत नाही.

‘मंथन’ (१९७६) थोडा वेगळा. पाच लाख दूधउत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभ्या राहिलेल्या या चित्रपटात शहरातून आलेला डॉ. राव परत जातो, पण गावातलाच भोला सहकारी सोसायटीचे काम पुढे नेतो. या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.