हमीपत्रावर सही आपली, आणि संस्थेची जबाबदारी कोणाची?

कॉलेजात प्रवेश घेताना रॅगिंग करणार नाही असे हमीपत्र विद्यार्थी आणि पालक या दोघांकडून भरून घेतात. संस्थेने विद्यार्थ्याशी कसे वागावे याचेही नियम आहेत. त्यांची प्रत मात्र सहसा कोणी आपल्या हातात देत नाही. म्हणून ते आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

आपल्या परंपरेत शिस्त कधीच एकतर्फी नव्हती. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आचार्यांना दक्षिण दिशा म्हटले आहे. शिष्याची पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आचार्यांचीही पाच सांगितली: नीट वळण लावणे, समजेल असे शिकवणे, विद्या हातचे न राखता देणे, मित्रमंडळींत शिष्याबद्दल चांगले बोलणे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करणे. हे शेवटचे कर्तव्य आजच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावण्यासारखे आहे. विनयपिटकाचा महावग्ग आणखी पुढे जातो. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची सेवा करायची. नीट वागणाऱ्या शिष्याला दूर केले तर दोष उपाध्यायाचा, आणि चुकलेल्याने क्षमा मागूनही ती नाकारली तरी दोष उपाध्यायाचाच.

याच्या उलट टोकाला साताऱ्याची शाळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव तिथे दाखल झाले. शालेय जीवनात त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि नळाला हात लावता येत नसे. ती आचारसंहिता कुठेही लिहिलेली नव्हती, तरी सगळे पाळत होते. आजही खरी लढाई अशा न लिहिलेल्या नियमांशी आहे.

आता लिहिलेले नियम पाहू. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना त्यात बंदी आहे.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार दिली, तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले, तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. प्रमुखाने यात कुचराई केली, तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे कायदा मानतो. ‘आपसात मिटवून घ्या’ म्हणणाऱ्या प्राचार्यांना हे कलम आवर्जून दाखवावे.

जातिभेदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१२ ची समता नियमावली आली. त्याआधी २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील भेदभावावर अहवाल दिला होता. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, ‘राखीववाला’ म्हणून त्याच्यावर शिक्का मारणे, कमी गुणांचे खापर जातीवर फोडणे, वसतिगृहात किंवा मेसमध्ये वेगळे ठेवणे, हे सगळे या नियमावलीने भेदभाव ठरवले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागावा, असेही तिने सांगितले. कागदावर हे सगळे होते, तरीही जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. नियमावलीची अंमलबजावणीच होत नाही, हे सांगायला राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

एक शंका आपल्या मुलांना नेहमी विचारली जाते: तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीचे संरक्षण तुम्हाला कसे? १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्या यादीच्या आदेशात समावेश झाला आहे. त्यामुळे अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही लागू होते. जातीचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

तक्रार तोंडी करू नये. तारीख, जागा, वापरलेले शब्द आणि साक्षीदार लिहून दोन प्रती काढाव्यात. एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तीच तक्रार नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. सात काय किंवा साठ काय, दिवस मोजायचे ते त्या पोचेवरच्या तारखेपासून.